वाट चुकली तर चालू नका, बसा

प्रश्न: आम्ही पर्वरीला राहतो. थोरली मुलगी अकरा वर्षांची, धाकटा सात. मे महिन्यात दोघे माझ्या माहेरी, सत्तरी तालुक्यात वाळपईजवळच्या गावात असतात. गेल्या वर्षी बोंडू (काजूची फळे) वेचायला म्हणून गेली ती दिवेलागणीनंतर शेजाऱ्यांना सापडली. वाट चुकल्यावर चालत राहिली आणि व्हाळ (ओढा) ओलांडून पलीकडच्या रानात पोचली होती. तेव्हापासून माझी आई त्यांना अंगणाबाहेर सोडत नाही. नवऱ्याने ऑनलाइन ‘सर्व्हायव्हल किट’ मागवली आहे: चाकू, ठिणगी पाडणारी कांडी, दोरीचे ब्रेसलेट. मुलगी व्हिडिओ बघून पानांची झोपडी बांधायला शिकते आहे. कोणत्या वयात काय शिकवावे? सापांचे काय? – एक आई, पर्वरी

उत्तर: ताई, किट परत करता येत असेल तर करा. त्या संध्याकाळी त्यातल्या एकाही वस्तूचा तुमच्या मुलांना उपयोग झाला नसता. हे व्हिडिओ बहुतेक थंड मुलखातले असतात. तिथे हरवलेल्या माणसाचा घात रात्रीची थंडी करते, म्हणून आधी आडोसा, मग आग. सत्तरीत मेच्या रात्री तो प्रश्न नाही. इथे धोका आहे तो अंधारात चालण्याचा: कठडा नसलेली विहीर, व्हाळातले शेवाळलेले दगड, पाण्याने भरलेली चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) खण, पायाखाली आलेला साप. पानांची झोपडी तर इथे नकोच. वाळक्या पानांच्या ढिगात घोणस, मण्यार, विंचू, गोचीड सगळे आधीपासून मुक्कामाला असतात.

म्हणून पहिला धडा एकच, आणि तो चार वर्षांच्या मुलालाही जमतो: वाट चुकली असे वाटले की आहे तिथे थांबायचे, झाड धरून बसायचे, शिट्टी वाजवायची. मुलीला यामागचे गणित करून दाखवा, ती अकरा वर्षांची आहे, तिला पटेल. मूल ताशी दोन किलोमीटर वेगाने दोन तास चालले तर ते चार किलोमीटरच्या त्रिज्येत कुठेही असू शकते, म्हणजे सुमारे 50 चौरस किलोमीटर. अख्खे म्हादई अभयारण्य 208 चौरस किलोमीटरचे आहे, त्याचा जवळपास चौथा हिस्सा झाला. तेच मूल अर्ध्या किलोमीटरच्या आत बसून राहिले तर शोधायचा भाग एक चौरस किलोमीटरही भरत नाही. गावातली दहा माणसे तो तासा-दोन तासांत पालथा घालतील.

‘व्हाळाच्या कडेने खाली गेले की गाव लागते’ असे जाणती माणसेही सांगतात. मुलांना हे सांगू नका. आपले व्हाळ सह्याद्रीतून उतरताना कड्यांवरून पडतात, काठ घसरडे असतात आणि पाण्याच्या आवाजात मारलेली हाक ऐकू येत नाही.

शिट्टी प्लास्टिकची, आत गोटी नसलेली घ्या. गोटीची शिट्टी भिजली किंवा तिच्यात माती गेली की मुकी होते. ती गळ्यात दोरीने अडकवू नका, फांदीत अडकून फास बसतो. चड्डीच्या किंवा सदऱ्याच्या लूपला सेफ्टी पिनने लावा. वाजवायची पद्धत ठरलेली हवी: तीन लांब फुंकरी, मग साठ आकडे मोजेपर्यंत गप्प बसून ऐकायचे, मग पुन्हा तीन. शिकवताना सगळे चुकते ते याच ‘गप्प’पाशी. घाबरलेले मूल एकसारखी फुंकत राहते, त्याला गरगरते, आणि शोधणाऱ्याने दिलेली ओ त्याला ऐकूच येत नाही. आकडे मोजणे तेवढ्यासाठीच.

सराव कुळागरात किंवा भाटात (सुपारीच्या किंवा माडांच्या बागेत) करा. पहिल्यांदा धाकट्याला झाडापाशी बसवा आणि तुम्ही दिसेनाशा होईपर्यंत, साधारण पन्नास पावले, लांब जा. पाच मिनिटांनी शिट्टीच्या आवाजावरून त्याला शोधा. पुढच्या खेपेला शंभर पावले आणि पंधरा मिनिटे. तिसऱ्या खेपेला त्याला ओळखीचा नसलेला कोणी शेजारी शोधायला पाठवा. हे महत्त्वाचे आहे, कारण हरवलेली लहान मुले शोधणाऱ्यांपासून लपतात. एक तर ‘अनोळखी माणसाशी बोलायचे नाही’ हे आपणच शिकवलेले असते आणि दुसरे, मार बसेल या भीतीने. पहिल्यावर उपाय म्हणजे घरातला एक खूणशब्द. कुत्र्याचे नाव, आवडती भाजी, काहीही चालेल. तो शब्द ओरडत येणारा माणूस आपला. दुसऱ्यावर उपाय म्हणजे ‘हरवलास तर कोणीही रागावणार नाही’ हे तुम्ही आणि तुमच्या आईने दोघींनी तोंडाने सांगणे आणि नंतर ते पाळणे. गेल्या वर्षी सापडल्यावर ओरडा बसला असेल तर हे दोन-तीनदा सांगावे लागेल.

बसायला झाड कोणते, तेही दाखवून ठेवा. पायवाटेच्या जवळचे, उघड्यावरून दिसणारे. माडाखाली नको, नारळ आणि चुडते (झावळ्या) पडतात. पिकलेल्या फणसाखाली नको. वर आग्यामोहोळ आहे का, बुंध्याशी वारूळ किंवा बीळ आहे का, हे काठी आपटून आणि वर बघून तपासायचे. व्हाळाच्या पात्रात किंवा अगदी काठावर नको. ढगांचा गडगडाट चालू असेल तर सड्यावरच्या (उघड्या कातळ पठारावरच्या) एकट्या झाडाखाली तर मुळीच नको. तिथून उतरून सखल भागातल्या झाडोऱ्यात यायचे.

दोघांच्या पाठीला प्रत्येकी एक छोटी पिशवी असू द्या. तिच्यात शिट्टीखेरीज एक लिटर पाणी (उन्हात सड्यावर जाणार असतील तर दीड), मूठभर शेंगदाणे किंवा दोन चिक्क्या, छोटी टॉर्च, तुमचा आणि आजीचा फोन नंबर लिहून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद, आणि कचऱ्याची सगळ्यांत मोठ्या मापाची जाड पिशवी. ही पिशवी काळी नको, पिवळी किंवा केशरी मिळाली तर बघा. तिच्या बंद टोकाजवळ, एका बाजूला, मुलाचा पूर्ण चेहरा बाहेर राहील एवढे भोक घरीच कापून ठेवा. मग ती डोक्यावरून घातली की पाऊस आणि वारा अडतो. जुलैत भिजलेले मूल वाऱ्यात तासभर बसले तर गोव्यातही कुडकुडते, दात वाजतात, बोलणे अडखळते. तेव्हा ही पिशवी ब्रेसलेटपेक्षा शंभर पटींनी उपयोगी. भोक न कापलेली पिशवी मात्र मुलांच्या हाती देऊच नका, गुदमरण्याचा धोका असतो. टॉर्चचे सेल उलटे घालून ठेवा म्हणजे पिशवीत बटण दाबले जाऊन ते उतरणार नाहीत. सरळ करून घालायला मात्र दोघांना अंधारात शिकवा. कपड्यांना हिरवा, तपकिरी, काळा रंग टाळा.

हरवूच नये म्हणून दोन सवयी. एक, दर वळणावर मागे वळून बघायचे. जाताना दिसणारी वाट आणि परतताना दिसणारी वाट यांत फार फरक असतो आणि मुले फसतात ती परतताना. वळणावर एखादी खूण मोठ्याने बोलायची: ‘तुटकी गडग्याची भिंत, घर डाव्या हाताला.’ दुसरी, वेळ. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या. पण काजूच्या बागेत आणि दरीत त्याच्या अर्धा तास आधीच दिसेनासे होते. मेमध्ये साडेपाचला आणि डिसेंबरात पावणेपाचला, असतील तिथून परत फिरायचे, पाटी भरलेली असो वा नसो. मुलीच्या मनगटावर घड्याळ बांधा, फोन नको. त्या भागात रेंज येते-जाते आणि फोन हातात असला की मुले ‘अजून थोडे पुढे’ जातात.

आता सापांचे. मुलांना साप ओळखायला शिकवण्याचा हट्ट सोडा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे आणि चित्रे ठाऊक असणे चांगलेच, पण पळणाऱ्या सापाच्या पाठीवरची नक्षी ओळखून निर्णय घेणे मोठ्यांनाही जमत नाही. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत तर नेहमीच गोंधळ होतो. त्याऐवजी एक नियम घट्ट करा: डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात घालायचा नाही आणि पाय टाकायचा नाही. बोंडू वेचताना मुले पाचोळ्यात हात घालतात, नेमका दंश तिथेच होतो. बागेत काम करणारी माणसे टोकाला खिळा लावलेली काठी वापरतात. मुलांच्या उंचीची तशी एक करून घ्या, पाचोळा तिने सारायचा. ओंडका ओलांडताना आधी त्याच्यावर पाय, मग पलीकडे बघून खाली. पावसाळ्यात व्हाळाकाठच्या झुडपांवर चापडा हा विषारी साप हाताच्या आणि तोंडाच्या उंचीवर निवांत बसलेला असतो, म्हणून फांद्या हाताने बाजूला सारायच्या नाहीत. पायात बंद बूट. संध्याकाळनंतर अंगणातसुद्धा टॉर्च.

चावलाच तर मुलीने काय करायचे, याची तालीम हवी. धाकट्याला खाली बसवायचे, चालू द्यायचे नाही. अंगठी, कडे, पायातले पैंजण, मनगटाचा दोरा लगेच काढायचा, कारण सूज आल्यावर तो निघत नाही आणि रक्त अडते. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी दोन्ही बाजूंना काठी लावून हात किंवा पाय कापडाने बांधायचा. बांधलेल्या कापडाखाली एक बोट सहज गेले पाहिजे. वेळ लक्षात ठेवायची. मग शिट्टी, हाका, आणि मोठे माणूस आले की 108. दोरी आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, साप मारून बरोबर नेणे यांतले काहीही नको. आवळपट्टीने अवयव काळा पडतो आणि ती सोडल्यावर साचलेले विष एकदम पसरते. मण्यार चावल्याची खूण कधी कधी दिसतही नाही, दुखतही नाही. ‘काही नाही झालेले’ म्हणून घरी ठेवू नका. चापड्यावर नेहमीचे प्रतिविष लागू पडत नाही, तरीही इस्पितळातच न्यायचे. सुट्टीला जाण्याआधी वाळपईच्या सरकारी इस्पितळात प्रतिविष आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे तुम्ही स्वतः विचारून ठेवा. पुढे गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

सत्तरीत जाणाऱ्यांनी सापाइतकेच गोचिडाकडे लक्ष द्यायला हवे, आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून मुद्दाम लिहितो. माकडताप (गोचीड चावून होणारा विषाणूचा ताप) 2015 पासून सत्तरीत आहे आणि त्याचा हंगाम हिवाळ्यापासून मेपर्यंतचा, म्हणजे नेमका काजूचा. बागेत जाताना पूर्ण पँट, तिचे टोक मोज्यांत खोचलेले. अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल आरोग्य केंद्रात विचारा. वाट चुकून थांबायची वेळ सोडली तर बागेत जमिनीवर आणि पाचोळ्यात बसकण मारायची नाही. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात, मुले न्हाणीघरात, आणि गुडघ्यामागे, कमरेला, काखेत, कानामागे, केसांत नीट बघायचे. गोचीड चिकटलेले असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचे. रॉकेल, चुना, पेटती काडी यांचा उपयोग नाही, आणि नखाने चिरडायचे तर मुळीच नाही. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचे. पुढच्या आठवड्याभरात एकदम चढलेला ताप, डोके आणि अंग ठणकणे असे काही झाले तर डॉक्टरांना ‘काजूच्या बागेत गेला होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो पाण्याला. साप मुलांना भेटेल न भेटेल, पाणी दर सुट्टीत भेटते. दोघांना पोहता येत नसेल तर बाकीचे शिक्षण थांबवून आधी तरंगायला शिकवा: पाठीवर, कान पाण्यात, पोट वर, हात फाकवून, दोन मिनिटे. कपडे घालूनही एकदा करून घ्या, कारण भिजलेली पँट खाली ओढते असे वाटून मूल घाबरते. चिऱ्यांच्या जुन्या खणींच्या जवळपासही फिरकू देऊ नका, पोहता येत असले तरी. चिरा सरळ कापलेला असल्यामुळे खणीला उथळ काठ नसतो. पहिल्याच पावलाला खोल पाणी लागते आणि बाहेर यायला पाय टेकवायला जागा सापडत नाही.

पावसाळ्यात व्हाळाचे किंवा धबधब्याचे पाणी कसे बदलते, ते सुरक्षित उंचीवरून दाखवा. वर डोंगरात पाऊस पडलेला असतो आणि खाली ऊन असते, म्हणून आकाशाकडे बघून कळत नाही. पाणी गढूळ होणे, पाने-काटक्या एकदम वाहून येणे, आवाज वाढणे: तिन्हींपैकी एक दिसले की वस्तू तिथेच टाकून आडवे नव्हे, सरळ उंचावर जायचे. गुडघ्याच्या वर वाहते पाणी ओलांडायचे नाही. समुद्रावर लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच उतरायचे, लाल बावटा असेल तर नाही, आणि जून ते सप्टेंबर कुठेच नाही. ओढीत सापडलेच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचे नाही. तरंगायचे, एक हात वर करायचा, ओढ सैल झाल्यावर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचे.

मुलीला एक गोष्ट नक्की शिकवा, कारण भाऊ बुडताना दिसला तर ती उडी मारेल आणि दोघेही जातील. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, त्यात फेकायला वजन म्हणून कपभर पाणी घालून झाकण घट्ट लावा. कडीला दहा-बारा मीटर नायलॉनची दोरी बांधा. दोरीचे दुसरे टोक हाताला गुंडाळायचे नाही, पायाखाली दाबायचे. कॅन बुडणाऱ्याच्या डोक्यावर नव्हे, त्याच्या खांद्यापलीकडे फेकायचा आणि दोरी त्याच्या हातात येईपर्यंत ओढत आणायचा. ओढताना स्वतः पोटावर आडवे पडायचे, उभे राहिले की झटक्याने आपणच आत जातो. तळीच्या काठावर, बाहुली टाकून, दहा-बारा वेळा. पहिल्या तीन-चार फेकी आखूडच पडतात.

वीज: चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आला की घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच.

खाण्याबद्दल फार शिकवू नका. भुकेने एका रात्रीत कोणाला काही होत नाही. आजीने स्वतः दाखवलेले तेवढेच खायचे: करवंद, जांभूळ, बोंडू. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्यांनी हैराण होतात. गुंज, धोत्रा, पिवळी कण्हेर तर त्याहून वाईट. अळमी (रानातली अळंबी) मुलांनी काढायचीच नाहीत. पाणी संपले तर पाणी शोधायला बसलेली जागा सोडायची नाही. हाताशीच स्वच्छ वाहता झरा असेल आणि खूप वेळ गेला असेल तर प्यायला हरकत नाही, नंतरच्या जुलाबांवर उपचार होतो.

चाकू आणि आगीचा नाद मुलीला आहे, तर तो दाबू नका, जागा ठरवा. चाकू बसूनच वापरायचा, हात लांब करून गोल फिरवला तर कोणाला लागणार नाही एवढे अंतर मोकळे, आणि पाते अंगापासून दूर. चुडताचे हीर (पात्यांमधल्या काड्या) सोलण्यापासून सुरुवात उत्तम. बोथट चाकू जास्त धोक्याचा, कारण जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो. आग फक्त अंगणात, मोठे माणूस शेजारी, दोन मीटर व्यासाचे आवार झाडून, दहा लिटरची बादली भरून. काथ्या बोटांनी पिंजून कापसासारखा मोकळा करायचा, त्यावर हीर, मग पेन्सिलीएवढ्या काटक्या, मग अंगठ्याएवढ्या. आग विझते ती बहुतेक मधल्या काटक्या गाळून एकदम जाड लाकूड ठेवल्याने. विझवताना पाणी, काठीने ढवळणे, पुन्हा पाणी, आणि शेवटी तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघणे. काजूच्या बिया मुलांना भाजू देऊ नका. टरफलातले तेल उडते आणि कातडीवर फोड उठतात. रानात मात्र आग कधीही नाही. म्हादईच्या जंगलात मार्च 2023 मध्ये किती ठिकाणी वणवे पेटले होते ते तुमच्या आईला आठवत असेल, आणि अभयारण्यात काडी ओढणे हा गुन्हाच आहे.

एवढे करूनही मुले वेळेत परतली नाहीत तर मोठ्यांनी काय करायचे, हेही आधी ठरवा. सुट्टीच्या पहिल्या दिवशी दोघांचे बूट ॲल्युमिनियमच्या फॉइलवर, खाली टॉवेल ठेवून, दाबून तळव्याचा ठसा घेऊन ठेवा. रोज बाहेर पडताना कपड्यांसकट एक फोटो. उशीर झाला की एक माणूस घरीच थांबेल, मुले स्वतःहून आली तर कळायला हवे. बाकीच्यांनी आधी विहिरी, व्हाळाची कोंड (डोह) आणि खण बघायची, रान नंतर. हाक मारून एक मिनिट शांत उभे राहायचे, सगळ्यांनी एकाच वेळी ओरडायचे नाही. अंधार पडायची वाट न बघता 112 ला फोन करा आणि वनखात्याच्या जवळच्या चौकीलाही कळवा. शोधणाऱ्या प्रत्येकाला खूणशब्द सांगा. मुले सापडली की 112 ला पुन्हा कळवा, आणि रानात गेलेल्यांना परत बोलावण्याची खूण, देवळाची घंटा किंवा गाडीचा हॉर्न, निघण्याआधीच ठरवून घ्या. नाहीतर मुले घरी जेवत असतात आणि चार माणसे मध्यरात्रीपर्यंत व्हाळात टॉर्च मारत फिरत असतात.